आमच्या ओळखीचे डॉक्टर

आग्रही : वहिनी, दादांच्या पिशवीतली औषधं काल मोजली. अकरा निघाली. हृदयाचे डॉक्टर मिरजेला, साखरेचे विश्रामबागेत, गुडघ्याचे कोल्हापुरात, आणि किडनीचे ते पुण्याहून महिन्यातून एकदा येतात. चौघांच्या चार फायली. ज्याने त्याने आपल्या वाट्याचं काम चोख केलंय, मला कुणाबद्दल तक्रार करायची नाही. पण टेल्मिसार्टन एकाने एका नावाने लिहिलीय, दुसऱ्याने दुसऱ्या नावाने, आणि दादा महिनाभर दोन्ही घेत होते. त्यात लघवी वाढवणारी गोळी. त्यात गुडघेवाल्यांची दुखण्यावरची. या तिन्ही एकाच पोटात गेल्या की किडनीचं काय होऊ शकतं, ते तुम्हीच मला समजावलंत. आता चूक कुणाची म्हणायची? एकेक कागद सुटा वाचला तर बरोबरच आहे. चारही कागद शेजारी ठेवून वाचणारा माणूस तेवढा नाही. आपल्या लहानपणी तो होता. घरातल्या सगळ्यांचा एकच डॉक्टर, आणि त्याला घरातलं सगळं ठाऊक. दादांनी बारा वर्षांपूर्वी त्यांच्याकडे जाणं सोडलं, "आता स्पेशालिस्टलाच दाखवायचं" म्हणाले. मला तर वाटतं, दुखणं तिथूनच सुरू झालं.

साशंक : भाऊजी, "आपल्या लहानपणी" असं कुणी म्हणालं की मी सावध होते. तुम्हाला आठवतं ते लाल मिक्स्चर, बाटलीवर चिकटवलेली दातेरी कागदी पट्टी, आणि डॉक्टरांची बॅग उचलून पुढे चालणारा घरचा पोरगा. मी काउंटरच्या अलीकडे वाढले. आधी वडिलांचं औषधांचं दुकान, मग माझं. मला आठवतात त्या पुड्या. एक पांढरी, एक पिवळी, एक गुलाबी, तीन वेळा घ्या. कागदावर औषधाचं नाव नाही, कारण नाव कळलं तर पेशंट ती गोळी घेऊन दुसरीकडे जाईल. त्यातली एक पुष्कळदा डेक्सामेथासोन असायची, म्हणजे स्टिरॉइड. दम्याला उतार, सांध्यांना उतार, अंगावरच्या पुरळाला उतार, वर भूक लागते. बाया म्हणायच्या, डॉक्टरांना काय हातगुण आहे! गुण गोळीचा होता. पाच वर्षांनी चेहरा थाळीसारखा गोल व्हायचा, हाडं ठिसूळ व्हायची, साखर चढायची, तेव्हा त्याची फाईल मिरजेला उघडायची आणि बोल मिरजेला लागायचा. अँटिबायोटिक दोन दिवसांचं, कारण तिसऱ्या दिवसाचे पैसे पेशंटकडे नाहीत. ताप कसलाही असो, सुई ठरलेली.

आणि हा तुमचा फॅमिली डॉक्टर शिकलेला असतो काय? आपल्या गावभागातले दवाखाने मोजा. निम्म्या पाट्यांवर आयुर्वेदाची नाहीतर होमिओपॅथीची पदवी, आणि आत चिठ्ठीवर औषधं सगळी ॲलोपॅथीची. होमिओपॅथीवाल्यांना एक वर्षाचा कोर्स करून तशी मुभा द्यायचा कायदा आपल्याच राज्याने २०१४ मध्ये केला. मी त्यांना हिणवत नाही. त्यांच्यातले दोघे एमबीबीएसपेक्षा शहाणे आहेत, हे मी चिठ्ठ्यांवरून सांगते. पण एमबीबीएस झालेला पोरगा जनरल प्रॅक्टिसला बसतो तो बहुतेक वेळा पुढची सीट मिळाली नाही म्हणून. ज्याला त्याची स्वतःची बिरादरी मागे राहिलेला समजते, त्याच्या हाती अख्खं घर द्यायचं?

आग्रही : देऊ नका. पण त्याला मागे राहिलेला ठरवलं कुणी, ते तरी बघा. भोर समितीचा अहवाल १९४६ चा. देशाला एकाच तऱ्हेचा पायाभूत डॉक्टर हवा, असं त्या समितीने ठरवलं, आणि त्या हिशेबात जुने लायसेन्शिएट बाद झाले. आपल्या गल्लीतल्या पहिल्या डॉक्टरांच्या पाटीवर एलसीपीएस होतं, आठवतं? तो पायाभूत डॉक्टर लोकांच्या पायाशी राहील अशी कल्पना होती. झालं असं, की त्या पायाची सगळ्यांनी पायरी केली. शिकवणारे सगळे स्पेशालिस्ट, शिकायचं सगळं मोठ्या हॉस्पिटलच्या वॉर्डात, मग पोराला साध्या दवाखान्याची गोडी लागावी कशी? तुम्ही सांगता ते त्या माणसाच्या दुरवस्थेबद्दल आहे. त्याचं काम निरुपयोगी आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही.

ते काम काय, हे मी गणिताच्या मास्तरासारखं सांगतो. हजार माणसं घ्या, ज्यांच्या छातीत कधीतरी कळ आली. त्यातल्या दहांनाच खरोखर हृदयाचा आजार आहे. एक चाचणी घ्या, शंभरात नव्वद वेळा खरं बोलणारी. ती दहातल्या नऊ जणांना पकडेल. उरलेल्या नऊशे नव्वद निरोगी माणसांतल्या नव्याण्णवांनाही ती आजारी ठरवेल. म्हणजे एकशे आठ जणांच्या रिपोर्टवर लाल खूण, आणि खरे आजारी त्यात नऊ. आता मध्ये एक चाळणी बसवा. चाळून पुढे गेलेल्या हजारांत आजारी आहेत तीनशे. तीच चाचणी दोनशे सत्तर खरे पकडेल आणि सत्तर खोटे. यंत्र तेच, कागद तोच, कागदाचा अर्थ मात्र पार बदलला. स्पेशालिस्टचं सगळं शिक्षण चाळून आलेल्या माणसांवर झालेलं असतं. त्याच्याकडे न चाळलेला माणूस थेट गेला, तर तो त्याला आजारी समजणारच, कारण त्याच्या वॉर्डात तसेच भेटतात. चाळणीला पदवी मोठी लागत नाही. हा माणूस कोण, याला दर जूनमध्ये पोरांची फी भरायची वेळ आली की छातीत दुखतं का, याचा बाप कशाने गेला, हे माहीत लागतं. आणि "दोन दिवस थांबू" म्हणायचं धैर्य लागतं. मिरजेचा डॉक्टर ते म्हणू शकत नाही, कारण दोन दिवसांनी हा पेशंट कुठे असेल हे त्याला ठाऊक नाही. आपल्या डॉक्टरांना ठाऊक असतं. तो रोज त्यांच्या दारावरून दूध आणायला जातो.

साशंक : हिशेब छान आहे. फक्त त्यात पैसे नाहीत. "दोन दिवस थांबू" याची फी किती, सांगा. पेशंट बाहेर येऊन मला म्हणतो, "काहीच दिलं नाही हो, नुसतं बोलले." पुढच्या वेळी तो सुई देणाऱ्याकडे जातो. म्हणजे थांबायला सांगणारा उपाशी आणि टोचणारा तुपाशी. मग चाळणीवाला काय करतो? चाळणीचे पैसे तो दुसऱ्या टोकाकडून घेतो. लॅबकडून पाकीट, स्कॅनवाल्याकडून पाकीट, ज्या हॉस्पिटलला पेशंट धाडला तिथून टक्का. कमिशन घेऊ-देऊ नये, असं मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत लिहिलेलं आहे. तरी २०१७ मध्ये सरकारला कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा करायला समिती बसवावी लागली. मसुदा झाला, कायदा काही आला नाही. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी तर ७८ डॉक्टरांनाच बोलतं केलं आणि त्यावर पुस्तक लिहिलं. त्यातलं पुष्कळ मला वाचायची गरज नव्हती, मी ते रोज बघते. तेव्हा तुमच्या चाळणीला भोकं कुठे पाडायची, हे पुष्कळदा लॅबवाला ठरवतो. आणि मुद्दा असा, की अनोळखी डॉक्टरने सात चाचण्या सांगितल्या तर माणूस दोनदा विचार करतो. ओळखीच्याने सांगितल्या तर मुकाट्याने करतो. ओळख जेवढी जुनी, तेवढा खिसा सैल.

आग्रही : मान्य, आणि दोष मोठा आहे. पण मग विचारायचा प्रश्न बदलतो. ओळखीने काही भलं होतं की नाही, हा तो प्रश्न. इथल्या पाकिटांच्या धुरळ्यात ते दिसत नाही, तर जिथे धुरळा कमी आहे तिथे बघू. नॉर्वेत २००१ पासून प्रत्येक माणसाच्या नावापुढे एक ठराविक डॉक्टर लिहिलेला असतो. तिथल्या पंचेचाळीस लाखांहून जास्त लोकांच्या नोंदी काही संशोधकांनी तपासल्या. ज्यांचा डॉक्टर पंधरा वर्षांहून जास्त काळ तोच होता, त्यांची तुलना वर्षभराच्या ओळखीवाल्यांशी केली. अवेळी दवाखान्यात धावणं, तातडीने ॲडमिट होणं आणि मरण, या तिन्हींची शक्यता पंचवीस ते तीस टक्क्यांनी कमी निघाली. त्याआधी २०१८ मध्ये इंग्लंडच्या काही डॉक्टरांनी वेगवेगळ्या देशांतले २२ अभ्यास एकत्र मांडले होते. त्यातल्या १८ मध्ये तेच दिसलं, की डॉक्टर कायम राहिला तर मृत्यू कमी.

आकडे तुम्हाला कोरडे वाटतील, म्हणून एक माणूस सांगतो. विल्यम पिकल्स. यॉर्कशरच्या एका दरीतला खेड्यापाड्यांचा डॉक्टर, हयातभर तिथेच. १९२९ मध्ये तिथे काविळीची साथ आली. तेव्हा ही कावीळ माणसाकडून माणसाला लागते की नाही, आणि लागली तर किती दिवसांनी दिसते, हे नीट माहीत नव्हतं. मोठ्या शहरात कळणारही नव्हतं, कारण तिथे कोण कोणाच्या अंगाला घासून गेलं याचा पत्ता नाही. पिकल्सला पत्ता होता. एका मोलकरणीला त्याने सकाळी काविळीने अंथरुणात पाहिलं होतं आणि दुपारी तीच बया गावच्या जत्रेत हजर होती. कोण कोणाच्या पंगतीला बसलं, कोणाचं कोणाशी जमलंय, कोणाची चुलती कोणत्या शेतावर राहते, हे सगळं त्याला तोंडपाठ. त्यावरून त्याने दाखवलं, की संसर्ग आणि लक्षण यांच्यात महिनाभराच्या आसपास काळ जातो. प्रयोगशाळा नाही, सूक्ष्मदर्शक नाही. गावगप्पांचं त्याने शास्त्र केलं, आणि १९३९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं.

साशंक : पिकल्स मला आवडला. नॉर्वेबद्दल मात्र मी मास्तरांनाच शिकवणार. पंधरा वर्षं एकाच डॉक्टरकडे कोण राहतं? ज्याचं घर एका जागी आहे, नोकरी टिकलेली आहे, बायको सोडून गेलेली नाही. असा माणूस जास्त जगतो, यात डॉक्टरचा वाटा किती आणि स्थिर संसाराचा किती?

आग्रही : वय, शिक्षण, आजार, हे शक्य तेवढं वजा केलं होतं त्यांनी.

साशंक : शक्य तेवढं. बरं, राहू दे. तिथे डॉक्टरला यादीतल्या डोक्यांमागे ठरलेली रक्कम मिळते, तपासणीचे वेगळे. म्हणजे पेशंट बरा राहिला, दवाखान्यात आला नाही, तरी डॉक्टरची चूल पेटते. आपल्याकडे पेशंट बरा राहिला की दवाखान्याचं भाडं थकतं. ते रोप तुम्ही गावभागात आणून लावाल, पण तिथली माती कुठून आणणार?

आणि इंग्लंडचा एक डॉक्टर तुम्ही सांगितलात, दुसरा मी सांगते. हॅरॉल्ड शिपमन. मँचेस्टरजवळच्या हाईड गावातला, एकट्याचा दवाखाना, म्हाताऱ्या बायकांचा फार लाडका. घरी येतो, हात धरून बोलतो, त्याच्या यादीत नाव लागावं म्हणून लोक थांबायचे. त्याने सुयांतून मॉर्फिनच्या जातीचं औषध टोचून माणसं मारली. २००० मध्ये पंधरा खुनांची शिक्षा झाली, आणि पुढच्या चौकशीत निघाले दोनशे पंधरा बळी. मरणाचा दाखलाही तोच लिहायचा. कुणाला शंका का आली नाही? कारण तो ओळखीचा होता. मी असं म्हणत नाही की आपले डॉक्टर शिपमन आहेत, देवमाणूस आहेत ते. पण तुम्ही ज्याला विश्वास म्हणता, तो तपासणीला सुट्टी देतो, एवढं तरी मान्य करा.

आग्रही : करतो. पण शिपमनची शंका पहिल्यांदा कोणाला आली, तेही सांगा. अंत्यविधीची तयारी करणाऱ्या गावच्या दुकानवाल्यांना, कारण बायका अंथरुणात न मरता खुर्चीत, कपडेबिपडे नीट घातलेल्या मरत होत्या. एका टॅक्सीवाल्याला, कारण तो ज्या म्हाताऱ्यांना रोज ने-आण करायचा त्या धडधाकट होत्या. आणि समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरणीला. पोलिसांनी पहिल्यांदा चौकशी केली तर त्यांना काही सापडलं नाही. शेवटी सापडला तो बनावट मृत्युपत्रावरून. म्हणजे ओळखीने त्याला झाकलं, आणि ओळखीनेच त्याचा वास घेतला. एकच ओळख असली की ती आंधळी होते. चार बाजूंनी असली तर एकमेकींवर डोळा ठेवते. हे तुमच्या दुकानालाही लागू आहे.

साशंक : माझ्या दुकानाचं निघालंच आहे तर ऐका. आपल्या गल्लीतली एकही पोरगी बहात्तर तासांची गोळी माझ्याकडून घेत नाही. माझ्याकडे येतात त्या विश्रामबागेच्या, तोंडाला ओढणी गुंडाळून. आपल्या गल्लीच्या तिकडे जात असणार. का? तर मी "काकू" आहे. मी त्यांच्या आईला हळदीकुंकवाला भेटते. आणि डॉक्टर तर काय, बापाबरोबर गणपती मंडळाच्या वर्गणीला फिरतात. फॅमिली डॉक्टर या शब्दात पेशंट कोण आहे, सांगा? फॅमिली. त्यातली एकटी मुलगी नाही. गर्भपाताचा कायदा १९७१ चा, त्यात सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची लागत नाही, बापाची लागत नाही. कायद्याने तिला एकटीला माणूस मानलं, तुमच्या डॉक्टरांनी अजून मानलेलं नाही. झोप येत नाही म्हणून एक सून त्यांच्याकडे गेली. संध्याकाळपर्यंत सासूला कळलं होतं, आणि डॉक्टरांनी ते काळजीपोटीच सांगितलं होतं, वाईटपणाने नाही. त्या सुनेला काय हवं होतं? तिचं नावगाव न विचारणारा कुणीतरी. मोठ्या हॉस्पिटलच्या ओपीडीत नंबर लावून बसलं, की आपण फक्त एक नंबर असतो, असं रडगाणं तुम्ही लोक गाता. नंबर असणं ही किती सुटका आहे, हे बाईला विचारा.

(इथे आग्रही बराच वेळ गप्प राहिला, असं लिहायचा मोह होतो. प्रत्यक्षात तो लगेच बोलला, आणि फारसं बरोबर बोलला नाही.)

आग्रही : पण वहिनी, अशाच मुलींना तर आपल्या माणसाची जास्त गरज...

साशंक : आपल्या माणसापासून लपवायचं असतं म्हणून तर त्या आलेल्या असतात, भाऊजी. आणि हे नुसतं गुपितांपुरतं नाही. धाकट्या जाऊबाईंचं विसरलात? चार वर्षं त्या डॉक्टरांकडे जात होत्या. वजन वाढतंय, थंडी सोसत नाही, दिवसा डोळा लागतो, पोट साफ होत नाही. दर वेळी उत्तर ठरलेलं : वय झालं, बाळंतपणानंतर अंग सुटतं, चालायला जात जा. मग लग्नात भेटली ती मिरजेची पोरसवदा डॉक्टरीण. ताटावर बसल्या बसल्या तिने आवाज ऐकला, चेहरा पाहिला, भुवयांचे विरळ झालेले कोपरे पाहिले आणि विचारलं, "काकू, तुम्ही थायरॉइड कधी केलंय?" पाच मिनिटांत! आपल्या डॉक्टरांना का दिसलं नाही? ते हुशार नाहीत म्हणून नव्हे. ते दर महिन्याला बघत होते म्हणून. चेहरा रोज केसाएवढा बदलत होता, आणि बघणाऱ्याची नजरही रोज त्याच्याबरोबर सरकत होती. अतिपरिचयात अवज्ञा म्हणतात, ती नेहमी उद्धटपणाचीच असते असं नाही.

आग्रही : हे मात्र मला लागलं. चार वर्षं मीही बघतच होतो की. नवरा म्हणून.

पण याचाच दुसरा भाग बघा. आईला त्या दिवशी काय झालं होतं? ताप नाही, दुखत नाही, फक्त जेवताना तिने मीठ मागितलं नाही. डॉक्टर सहज आले होते, दारातून बघून म्हणाले, "आज या अशा का बोलतायत? यांना आत्ताच्या आत्ता न्या." कोणत्याही अनोळखी डॉक्टरला ती एक जरा मंद म्हातारी वाटली असती. डॉक्टरांना माहीत होतं की ही म्हातारी मंद नाही, ही तर भांडते. सोडियम उतरलं होतं. म्हणजे अचानक झालेला बदल ओळखीच्या नजरेला दिसतो, आणि हळूहळू झालेला परक्या नजरेला. असं असेल तर आपण दोघे इतका वेळ वेगळ्याच दोन आजारांबद्दल भांडतोय.

साशंक : मग दोन डॉक्टर ठेवा, एक ओळखीचा आणि एक अनोळखी. अनोळखी फुकट मिळतो, मिरज भरलीय त्यांनी. प्रश्न ओळखीच्याचा आहे. आणि माझी खरी शंका आता सांगते. तुम्ही म्हणता तशी ओळख हवी, कबूल. पण ती डॉक्टरचीच कशाला हवी? आरोळे दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं, तेव्हा गावातल्या न शिकलेल्या बायकांना तयार केलं. डॉ. अभय आणि राणी बंगांनी गडचिरोलीत गावातल्याच बायकांना नवजात बाळाला तपासायला, उबदार ठेवायला, वेळेला सुई द्यायलाही शिकवलं. तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले, १९९९ मध्ये ते लॅन्सेटमध्ये छापून आलं. त्या बाईला घर माहीत, सासू माहीत, विहीर माहीत. तिचं भाडं थकत नाही, तिला लॅबवाला पाकीट देत नाही. मग ओळखीला एमबीबीएसचं लेबल का लावायचं? नोंदींचं म्हणाल, तर आता सरकारने आभाचा चौदा आकडी नंबर दिलाय. सगळे रिपोर्ट त्यात घाला. दादांचे चारही कागद एका पडद्यावर येतील, आणि दोन टेल्मिसार्टन यंत्रच पकडेल.

आग्रही : नोंदीचं आधी सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, आठवतं ना? डॉक्टरांचे तीस-पस्तीस वर्षांचे केसपेपर भिजून लगदा झाले. लोक शाळेतल्या छावणीत, औषधांच्या पिशव्या घरात पाण्याखाली, कुणाला स्वतःच्या गोळीचं नाव माहीत नाही. "ती छोटी पांढरी." डॉक्टर एका बाकावर बसले आणि माणूस समोर आला की सांगायला लागले. तुला ही, तुला ती अर्धी, तुला सकाळची बंद. दोन दिवस तो माणूस स्वतःच एक कपाट झाला होता.

साशंक : मी शेजारच्याच बाकावर होते. माझं दुकानही पाण्याखाली होतं, मिरजेहून आलेली खोकी आम्ही फोडत होतो. आणि एका आजोबांना त्यांनी ग्लिमेपिराइड दोनची सांगितली. आजोबांची एकची होती, दोन महिन्यांपूर्वीच कमी झालेली. छावणीत जेवणाचा पत्ता नाही, आणि साखर उतरवणारी गोळी दुप्पट! मी थांबवलं म्हणून बरं. तुम्ही ती गोष्ट सांगता तेव्हा हा भाग नेहमी गळतो.

आग्रही : मला तो माहीत नव्हता. पण तुम्ही थांबवलंत तेव्हा ते काय म्हणाले?

साशंक : "बरोबर, चुकलो," म्हणाले. आणि चिठ्ठी फाडली.

आग्रही : आणि गेल्या महिन्यात दादांच्या दोन टेल्मिसार्टन तुमच्या लक्षात आल्या, तुम्ही मिरजेला फोन केलात, तेव्हा तिकडून काय उत्तर आलं?

साशंक : "तुम्ही औषध द्या."

आग्रही : तेच माझं म्हणणं आहे. बघणं तुम्हाला जमलं. जामखेडच्या बाईलाही जमेल, चौदा आकड्यांच्या नंबरलाही जमेल. पण चौघा तज्ज्ञांपुढे उभं राहून "यातली ही गोळी मी बंद करतोय" असं म्हणणार कोण? त्याला पदवी लागते, आणि पदवी असलेल्यांपैकी कुणाला दादा ओळखीचे नाहीत. माहिती तुमच्याकडे आणि अधिकार त्यांच्याकडे. या दोन्ही गोष्टी एका माणसात असाव्यात, म्हणून मला तो हवाय.

साशंक : आणि या दोन्ही एका माणसात आल्या की मला त्याची भीती वाटते. शिपमनकडेही दोन्ही होत्या. पुडीवाल्याकडेही होत्या. सुनेची झोप सासूला सांगणाऱ्याकडेही. तुम्हाला हवं ते आणि मला नको ते, एकच आहे भाऊजी. वेगळं करता येत असेल तर करून दाखवा.

आग्रही : नाही येत मला. आणि आता तो प्रश्नही फार दिवस उरणार नाही. दिवाळीनंतर दवाखाना बंद करतायत डॉक्टर. मुलगा रेडिओलॉजिस्ट आहे, तो इथे बसणार नाही. गाळा मोबाईलवाल्याने घेतलाय म्हणे. मी विचार करत होतो की निदान दादांचे कागद दर महिन्याला तुम्ही आणि मी बसून...

साशंक : मला त्यात घालू नका. चिठ्ठीशिवाय मीही किती जणांना काय काय देते, ते मला माहीत आहे. मागच्या बुधवारी डॉक्टर स्वतः आले होते दुकानात. सॉर्बिट्रेटची पट्टी मागितली. मला वाटलं कुणा पेशंटसाठी. म्हणाले, "माझ्यासाठी." मी विचारलं, कुणाला दाखवलंत? तर म्हणाले, "इथे कुणाला दाखवणार?"

आग्रही : दिलीत?

साशंक : दिली. चिठ्ठी नव्हती, तरी दिली. कागदावर मिरजेच्या हृदयवाल्यांचा नंबर लिहून दिला. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला.

आग्रही : मग गेले का?

साशंक : ते मी विचारलेलं नाही अजून.